वाचायचा भाग शाकीबचा होता

अकोला, जुने शहर
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

दिवाळीले दोन दिवस आली, त्यातला दीड दिवस त्या मशीनसमोर बसली, आन् जाताना मले सांगून गेली नाही. मी मोरीत होती, परदेशात नव्हती. तुझी माय म्हणते, तिची गाडी सुटत होती. गाडी रोज सुटते.

आता आशीर्वाद घे. मी रुख्मिणी, तुझी आजी, वळख राहिली असंल तं.

फोनवर मी बोलणार नाही. तुझा बाप तो फोन मोठ्या आवाजावर टाकते, तुझी माय मधात बोलते, आन् मले काय विचारायचं होतं ते राहूनच जाते. चौथी शिकलेली आहो, लागते तेवढं लिवता येते. हे पत्र आपल्या गल्लीतला सहदेव आणून देईल. तो रोज अमरावतीले अप-डाऊन करते, तुझ्या कॉलेजाच्या गेटावरून जाते. उत्तर त्याच्याच हाती देत जाय.

कामाचं असं का, शेजारची नईमा परवा भिंतीवरून सांगत होती, तिचा नातू शाकीब आन् तू एकाच टोळीत आहे आन् येत्या रविवारी तुमचा कायचा तरी सामना आहे. मले वाटलं क्रिकेट. ती हसली. तिले सगळं माहीत आन् मले काही नाही, हे मले चालणार नाही.

तिचा पोरगा नबी, शाकीबचा बाप, दिवाळीपासून तोंड चढवून आहे. त्यानं पोट्ट्याले सांगतलं का या सामन्यापायी तुले शेवटच्या वर्षी होस्टेलात राहू देऊन राहिलो. पुढं गेला तं ठीक, नाही तं घरी ये, रोज गाडीनं कॉलेज कर आन् उरल्या वेळात रजईच्या दुकानात बस. तवापासून नईमाचं जेवणात लक्ष नाही. तिनं माह्या रजईले दोन वेळा उलटी शिवण घातली.

सामना कायचा, तू काय करते, शाकीब काय करते, ते मले कळंल असं लिव. इंग्रजी फेकून मले गप्प करू नको. ते काम तुझा बाप करते.

रुख्मिणी

—

अमरावती, मुलींचं वसतिगृह
बुधवार, ५ नोव्हेंबर

आजी, पाया पडते.

न सांगता गेले, चुकलंच. सहदेवकाकांनी तुझं पत्र गेटवर दिलं तेव्हा मैत्रिणी जमा झाल्या. पत्र येतं कुणाला आता? सगळ्यांना वाचून दाखवावं लागलं. गाडीच्या वाक्याला टाळ्या पडल्या.

सामना प्रोग्रॅमिंगचा आहे. टोळीत तिघं आणि तिघांत मिळून संगणक एकच. आमच्यात मी, शाकीब आणि वर्गातली आकांक्षा. पाच तास मिळतात. एकेक गणित दिलेलं असतं, ते सोडवणारा प्रोग्रॅम लिहून द्यायचा. तपासायला माणूस नसतो, मशीन असतं. ते मशीन आमच्या प्रोग्रॅमपुढे माहिती टाकतं, आकडे, नावं, ओळीच्या ओळी. तिला इनपुट म्हणतात. ती आधी नीट वाचून घ्यावी लागते. ओळी किती, ओळीत आधी काय आणि नंतर काय, मधे एखादी मोकळी ओळ सोडली आहे का. वाचण्यात घोटाळा झाला की पुढचं गणित कितीही बरोबर असू दे, उत्तर चूक. आणि कुठे चुकलं ते मशीन सांगत नाही. नुसतं 'चूक' म्हणतं आणि दंडाची मिनिटं लावतं.

हा वाचायचा भाग शाकीबकडे असतो. त्यात तो फार चेंगट आहे. जे वाचलं ते आधी जसंच्या तसं पडद्यावर छापून बघतो, मग पुढे सरकतो. आकांक्षा गणिताची युक्ती शोधते. मी टाइप करते. माझा हात सगळ्यांत वेगात चालतो, म्हणून शेवटचा तास कीबोर्ड माझ्या एकटीकडे. त्या तासात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असं कुलदीप सरांनीच ठरवून दिलं आहे. सर आमची तयारी करून घेतात.

रविवारी पहिल्या बारांत आलो तर पुढच्या फेरीला नागपूर. नईमादादीला सांग, काळजी करू नको.

तुझी दामिनी

—

अकोला
शुक्रवार, ७ नोव्हेंबर

माहं पत्र पोरींपुढं वाचलं, हे चांगलं नाही केलं. पुढच्या वेळी त्याहिच्या मायांबद्दल लिवतो, मंग वाच.

तिघाले एक मशीन म्हणजे एका तव्यावर तीन सुना. पोळी जळणार आन् कोनी जाळली ते कोनी सांगणार नाही.

नुसतं वाचायले एक माणूस कायले लागते ते मले समजलं नाही. नईमाले विचारलं तं ती म्हणे, बाई, आपला शाकीब लहानपणी दुकानाच्या पाट्यासुद्धा दोनदा वाचे. आपला म्हणे.

रविवारी नीट खाऊन जाय. उपाशी पोटी तू चिडते आन् चिडली का धसमुसळी होते.

रुख्मिणी

—

अमरावती
सोमवार, १० नोव्हेंबर

आजी,

निकाल लागला. आम्ही बारावे आलो. शेवटचा नंबर, पण नागपूरला जातोय.

आनंद व्हायला हवा, पण इथे सगळं विचित्र झालंय. आम्ही चौथे-पाचवे आलो असतो. एका गणितात मशीनने आम्हाला लागोपाठ 'चूक' दिलं, दंड चढत गेला आणि खाली घसरलो. गणित सोपं होतं. एसटीच्या गावांची नावं आणि पुढे अंतर, एका ओळीत एक गाव. नमुन्याला दिलेली गावं म्हणजे अकोला, अचलपूर, चिखलदरा. खऱ्या इनपुटमध्ये मात्र 'धामणगाव रेल्वे' होतं, हे सामना संपल्यावर कळलं. नाव दोन शब्दांचं. आमच्या प्रोग्रॅमने 'धामणगाव' हे नाव म्हणून घेतलं, पुढे आकडा येईल म्हणून थांबला, तर समोर आलं 'रेल्वे'. तिथे तो कोसळला. नाव एकाहून जास्त शब्दांचं असू शकतं हे धरूनच वाचायला हवं होतं. संपूर्ण ओळ घ्यायची, शेवटचा तुकडा आकडा म्हणून कापायचा, उरेल ते सगळं नाव. असं केलं असतं तर काहीच अडचण नव्हती. हे साधं आहे, पहिल्या वर्षात शिकवतात. पण घाईत होतं असं, कुणाच्याही हातून होतं, आणि शाकीबने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. मी सरांनाही तसं म्हटलं नाही. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं की हा भाग कोणाचा, तेव्हा जे आहे ते सांगावं लागलं. वाचायचा भाग शाकीबचा होता. सर फार चिडले. म्हणाले, नागपूरला असला धोका नको. त्याच्या जागी आता कॉलेजातल्याच दीपमालाला घेणार आहेत. गुरुवारी, वीस तारखेला, तीन नावं कळवायची आहेत. त्यानंतर बदल होत नाही.

मला खूप वाईट वाटतंय. पण त्यात मी काय करू शकते? टोळीचा प्रश्न आहे. तूच सांग, चूक ज्याची त्यानेच भोगायची ना?

दामिनी

—

अकोला
बुधवार, १२ नोव्हेंबर

तुझं पत्र आलं तसं मी नईमाच्या दुकानात गेली.

तिथं गिऱ्हाईक होतं, बार्शीटाकळीच्या बाया, लग्नाच्या रजया पाहत होत्या. मी काही थांबली नाही. नईमाले म्हटलं, तुझा नातू पाट्या दोनदा वाचते म्हणत होती ना, त्याले एक गाव वाचता आलं नाही आन् माही पोट्टी चौथ्यावरून बाराव्यावर गेली. अजून बरंच म्हटलं. त्याच्या मायचं माहेर पण काढलं.

नईमानं सुई खाली ठेवली नाही. एवढंच म्हणे, "रुख्माबाई, आवाज गिऱ्हाईकाले जाऊन राहिला. आत या, बसून बोला." मी बसली नाही. मंग नबी आतून आला. त्याले काहीच माहीत नव्हतं. शाकीबनं फोनवर घरी एवढंच सांगतलं होतं का अब्बा, गडबड झाली, मी नागपूरले जाऊन नाही राहिलो. कोनाची गडबड ते सांगतलं नाही. नबीनं माह्यासमोर त्याले फोन लावला. चूक तुझी का, विचारलं. तिकडून पोट्टा गप्प. नबी म्हणे, बोलत नाही म्हणजे समजलं. येत्या शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारी, एकवीस तारखेले, टेम्पो घेऊन जातो आन् सामान आणतो.

बाया रजया न घेता गेल्या.

मी घरी आली. खूष होऊन आली असती, पण तुझं पत्र अजून एकदा वाचलं. मंग पाच तारखेचं वाचलं. त्यात तू लिवलं का शेवटचा तास त्या खटखट्यावर तूच बसते, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. हे गावाचं गणित कोणत्या तासातलं?

एवढंच लिव. बाकी ख्यालीखुशाली नको.

रुख्मिणी

—

अमरावती
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आजी,

तू दुकानात कशाला गेलीस? मी तुला मनातलं म्हणून लिहिलं होतं. शाकीब दोन दिवस वर्गात आला नाही. आकांक्षा म्हणते, त्याच्या अब्बांचा फोन आल्यापासून खोलीतच आहे.

गणित शेवटच्या तासातलंच होतं. पण तसा थेट अर्थ काढता येत नाही. टाइप करणारा एक असतो आणि लिहिणारा दुसरा असू शकतो, कागदावर आधीच लिहून ठेवतात. हे तांत्रिक आहे, तुला नाही कळायचं. तू आता यात पडू नकोस. आणि कृपा करून नईमादादीशी बोलू नकोस, काहीच.

अभ्यास खूप आहे.

दामिनी

—

अकोला
शनिवार, १५ नोव्हेंबर

मले नाही कळायचं, हे वाक्य या घरात कवा निघते ते मले पक्कं माहीत आहे. तुझ्या बापानं आपल्या मनानं विकत घेतलेली वावरातल्या विहिरीवरची मोटर जाळली, तवा निघालं होतं. तुझ्या मायनं माही पाटली मोडून दुसरी घडवली, तवा निघालं होतं. आता तुझी पाळी.

मले तुमचं मशीन कळत नाही, बरोबर आहे. माणूस कळते. ज्याची चूक म्हणते तो पोट्टा बापापुढं एक शब्द बोलला नाही. जिची चूक नाही तिनं मले इतकं समजावून लिवलं. धामणगाव काय, ओळ काय, तुकडा काय, पह्यल्या वर्षात शिकवते काय. एवढं कोन लिवते? मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, हे कोनी विचारलं होतं तुले?

आन् तू लिवलं, सरायले सांगावं लागलं. कोनी लावलं?

मी त्या बाईले गिऱ्हाईकासमोर बोलली आहो. बत्तीस वर्षं आमच्या दोघींच्या मधात एकच भिंत आहे. तुझ्या शब्दावर बोलली. तो शब्द खोटा असंल तं मले आजच कळलं पाहिजे, उद्या नाही. उद्या सहदेवले सुट्टी आहे म्हणून तुले सोमवार देतो. सोमवारी पत्र नाही आलं तं मंगळवारी त्याच्यासोबत मीच गाडीत बसतो आन् तुझ्या सरापुढं येऊन उभी राहतो. लुगड्यात. सगळ्या पोरींसमोर.

रुख्मिणी

—

अमरावती
सोमवार, १७ नोव्हेंबर

आजी,

शाकीबने बरोबर लिहिलं होतं.

शेवटच्या तासाच्या आधी त्याने कीबोर्ड माझ्याकडे दिला तेव्हा वाचायचा भाग तयार होता. संपूर्ण ओळ घ्यायची, आकडा शेवटून कापायचा. मला तो उगाच लांबवलेला वाटला. नमुन्यात सगळी एकेका शब्दाची गावं होती. मी ते खोडलं आणि माझं घातलं, एक शब्द आणि एक आकडा, दोन ओळींत काम. धामणगावचा विचारच आला नाही. आपण रेल्वे म्हणतो का कधी? कुणी विचारलं तर धामणगावला जातो असंच म्हणतो. नागपूर-पुण्याच्या मुलांच्या प्रोग्रॅमने ते नाव पूर्ण वाचलं. आम्ही इथले, आम्हीच घसरलो.

पहिल्या 'चूक'ला मी गणितात दोष शोधत बसले. दुसऱ्यालाही. तिसऱ्यानंतर शाकीबने पडद्यावर त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे मी लिहिलेलं नाही, कुठे गेलं?" मी म्हटलं, शेवटचा तास माझा आहे, हात लावू नको. आणखी दोनदा चुकलं. मग त्याने कागदावर त्याचं जुनं लिहून माझ्यापुढे सरकवलं. मी ते टाइप केलं आणि मशीनने बरोबर म्हटलं.

सरांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, वाचायचा भाग शाकीबचा होता. वाटणी तशीच होती, म्हणून ते खोटं नाही असं मी स्वतःला समजावत होते. आकांक्षा खाली बघत होती. शाकीबने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलेल. बोलला नाही. त्या दिवसापासून मी त्याच्या बोलण्याचीच वाट बघतेय. तो बोलला असता तर सोपं गेलं असतं.

आता सांगितलं तर सर मला काढतील. ते खोडलं म्हणून नाही, खोटं बोलले म्हणून. बाबांना कळेल. शाकीबचं हे शेवटचं वर्ष आहे, माझी अजून दोन आहेत, हे मला कळतं. पण माझं नाव खोटारडी म्हणून राहील दोन्ही वर्षं. आजी, या एका वेळेला राहू दे. पुढच्या वर्षी मी भरून काढीन. नईमादादीला सांगू नकोस. कुणालाच सांगू नकोस.

दामिनी

—

अकोला
मंगळवार, १८ नोव्हेंबर

कोनालेच सांगू नको म्हणते. सांगून आली.

काल संध्याकाळी पत्र आलं, आज सकाळी दुकान उघडलं तशी गेली. गिऱ्हाईक यायची वाट पाहिली, कारण पह्यल्या वेळी गिऱ्हाईकासमोरच बोलली होती. दोन माणसं आली. त्याहिच्यासमोर म्हटलं, नईमा, गाव तुझ्या नातवानं बरोबर वाचलं होतं, माह्या नातीनं खोडलं, आन् सरासमोर खोटं बोलली. मी बुधवारी जे बोलली ते सगळं वापस घेतो, त्याच्या मायच्या माहेरासकट.

नईमा रडली नाही, मी पण नाही. तिनं विचारलं, पोट्टीनं स्वतःच सांगतलं का? मी म्हटलं, पिळल्यावर. ती म्हणे, मंग अजून ओली आहे, वाळंल. तिनं मले बसायले पाट दिला. या वेळी बसली.

नबीचं काम अवघड आहे. तो म्हणे, तुमी कालपर्यंत एक सांगत होत्या, आज दुसरं सांगता. उद्या तिसरं सांगाल. तुमच्या घरच्या शब्दावर मी आता टेम्पो ठरवणार नाही आन् मोडणारही नाही. माह्या पोराच्या तोंडून आईकल्याबिगर मी मानत नाही. बरोबर बोलला. त्यानं शाकीबले पुन्हा फोन लावला. शाकीब आतापण गप्प. दामिनीले विचारा म्हणे. एवढंच. तुझ्यासाठी गप्प बसून तो स्वतःचं वर्ष घालवून राहिला, आन् तू त्याच्या बोलण्याची वाट पाहून राहिली. तो बोलला असता तं सोपं गेलं असतं म्हणते. तुले सोपं करून द्यायले तो बांधील आहे का?

आता आईक, नीट वाच, मधातली ओळ सोडू नको.

हे पत्र तुले बुधवारी सकाळी भेटंल. त्याच दिवशी शाकीबले खोलीतून बाहेर काढ. आकांक्षाले सोबत घे. तिघं मिळून सराकडे जा. तू मले लिवलं ना, तेच तिथं तुझ्या तोंडानं सांगायचं. वाटणी तशीच होती, असं काही मधात घालायचं नाही. खोडलं म्हणायचं आन् खोटं बोलली म्हणायचं, शाकीब समोर उभा असताना. मंग त्याची माफी माग. त्यानं दिली तं घे, नाही दिली तं खाली मान घालून परत ये. सर तुले काढंल तं निघायचं. नागपूर कुठं पळून जात नाही. तुझं नाव दोन वर्षं खराब राहील म्हणते, राहू दे. त्याचं आठ दिवस झाले खराब आहे, तेही तुझ्या हातानं.

तुझ्या बापाले मी सांगतलं नाही. ते तू सांगशील, सरानंतर. दोन दिवस बोलणार नाही तो, मंग भाजी कमी पडली का आपोआप बोलंल.

मी तुह्यावर रागावली आहो का, हे विचारू नको. आहो. पण तू पान भरून खरं लिवलं, ते मी नईमाले वाचून दाखवलं, आन् ती म्हणे, अक्षर तुमच्यासारखं आहे. म्हटलं, अक्षरच आहे.

आता उत्तराचं. या पत्राचं उत्तर तुझ्या हातचं मले नको. आकांक्षाच्या हातचं नको, तुझ्या सराच्याही हातचं नको. शाकीबनं लिवावं, त्याच्या बापाले, रविवारी काय झालं आन् बुधवारी काय झालं ते. सहदेव बुधवारी संध्याकाळी गेटावर थांबंल. त्याले मी सांगून ठेवलं आहे का दामिनीनं काही दिलं तं घेऊ नको, तिथंच वापस कर. शाकीबच्या हातून घेतल्याबिगर तो गाडी पकडणार नाही, मंग शेवटची सुटली तरी चालंल.

रुख्मिणी